रॉइसच्या बोटीतली पुढची जागा

पिनी बेंड, अलाबामा
३ मार्च १९९३

प्रिय थर्मन भावजी,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही मला ऐकू येता, मी तुम्हाला येत नाही, आणि बिल मात्र दोघांच्या ओरडण्याचं येतं. म्हणून पत्र लिहितेय.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर रॉइसच्या मासेमारी क्लबचे अध्यक्ष वेंडेल प्रुइट घरी आले. हातात बायकोने केलेला पेकनचा केक होता. रॉइसला जाऊन तीन-चार महिने झाले, आता बाई रडायची थांबली असेल, असा त्यांचा हिशेब असावा. गराजमध्ये जाऊन बोटीभोवती हळूहळू फिरले, तिच्या कडेवर हात फिरवला, मग स्वयंपाकघरात बसून आणलेला निम्मा केक स्वतःच संपवला आणि विचारलं, बोट विकणार का. मी नाही म्हटलं. मग तिचं करणार काय, असं विचारल्यावर माझ्या तोंडातून निघून गेलं, "एप्रिलच्या जोडीच्या स्पर्धेत मी थर्मन भावजींबरोबर उतरणार आहे." त्यावर ते हसले. हसले नसते तर कदाचित विकलीही असती.

आता बोलून बसले आहे तर निभवायला हवं. माझी अट एकच. मी बोटीत पुढे उभी राहणार, रॉइस उभा राहायचा तिथे. आमच्या अख्ख्या संसारात दर शनिवारी तो उजाडायच्या आत तळ्यावर जायचा आणि मी सलूनमध्ये लोकांची डोकी धुवत बसायचे. जिथे तो सगळ्यात खूश असायचा तिथे मी त्याला एकदाही पाहिलं नाही. निदान त्या जागेवर उभं राहून बघायचं आहे. दुसरं काही कारण नाही, आणि यावरून मी हलणार नाही.

पण मला यातलं काहीच कळत नाही. गराजच्या भिंतीवर काठ्याच काठ्या टांगल्या आहेत, सगळ्या सारख्याच दिसतात. रिळं दोन-तीन तऱ्हांची आहेत. आणि आमिषांचे डबे उघडले तर माझ्या सलूनमधलं नेलपॉलिशचं कपाट बरं. रबरी गांडुळं जांभळी, हिरवी, चमकी लावलेली. लाकडी मासे. झिरमिळ्यांचे झगे घातलेले गळ. यातली कुठली काठी, कुठलं रीळ, कुठलं आमिष, हे मला लहान मुलाला सांगावं तसं सांगा.

नेडीनला आठवण सांगा.

तुमची वहिनी,
ओलेटा


डेलरॉय, टेनेसी
९ मार्च १९९३

प्रिय ओलेटा वहिनी,

पत्र वाचून डोळे भरून आले. रॉइसची बोट पाण्यात उतरणार, यापेक्षा त्याच्या आत्म्याला आणखी काय हवं? तुमच्याबरोबर उतरायला मी आनंदाने तयार आहे. आता सामानाचं सांगतो, नीट वाचा.

रिळं दोन जातीची असतात. एक काठीच्या वर बसतं. त्याची चकती गळ फेकताना गरगर फिरते आणि अंगठ्याने तिला वेळेवर आवर घालावा लागतो. अंगठा जरा चुकला की सगळा तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, आतल्या आत गुरफटतो. या गुंत्यापायी मी चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांना रडताना पाहिलं आहे. ते तुमच्यासाठी नाही. दाराशेजारी एक आखूड पांढरी काठी टांगलेली असेल, तिला लाल रीळ आहे, त्याला बटण आहे. दाबायचं आणि फेकायचं, गुंत्याचा प्रश्नच नाही. बायकांच्या हाताला अगदी योग्य.

आमिषांमध्ये नखाएवढे पारदर्शक मासे दिसतील, ते घ्या. बास हा लाजाळू मासा आहे, त्याला नाजूक वस्तू आवडते. झुरळासारखे दिसणारे काळे, जड, रबरी झग्याचे गळ असतील, ते डब्यातच राहू द्या. भिंतीवर एक लांब तपकिरी काठीही असेल, तिची मूठ मळून काळी झालेली आहे आणि वरच्या रिळाला ओरखडे पडलेत. तिच्यात आता काही राम राहिलेला नाही. पण टाकून देऊ नका. ती आणि ते काळे गळ माझ्याकडे पाठवून द्या, मी विल्हेवाट लावतो.

आता पुढच्या जागेविषयी. वहिनी, तुमचं मन मी समजू शकतो, पण पुढे उभं राहणं म्हणजे निव्वळ हाल आहेत. तोंडावर वारा, डोळ्यांत ऊन, बसायला मिळत नाही. शिवाय ती पुढची छोटी विजेची मोटर पायाने चालवावी लागते, दिवसभर एक पाय पेडलवर. रॉइसची कंबर त्यानेच गेली. मागे कशी मऊ गादी आहे, शेजारी गोड चहाचा पेला ठेवायला खळगा आहे. मी बावीस वर्षं तिथे बसलो, कधी तक्रार केली का? तुमच्यासाठी म्हणून पुढचा त्रास मी सोसेन. त्यात उपकार वगैरे काही नाही.

नेडीनचा नमस्कार.

तुमचा,
थर्मन


डेलरॉय
९ मार्च

प्रिय जाऊबाई,

यांनी तुला लिहिलेलं पत्र तिकीट लावायला माझ्याकडे दिलं आणि मी ते वाचलं. यांचं प्रत्येक पत्र मी वाचते. त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नकोस. माझा नमस्कारसुद्धा मी पाठवला नव्हता, तो आता पाठवते.

खरी गोष्ट अशी आहे. ज्याची बोट त्याची पुढची जागा, हा या लोकांचा नियम. मासा जिथे असेल तिथे पुढच्याचा गळ आधी पडतो आणि मागच्याला उष्टं पाणी मिळतं. आमची स्वतःची बोट कधी झाली नाही. आधी छप्पर गळायला लागलं, मग पोरीचे दात सरळ करायचे निघाले, मग माझं ऑपरेशन. त्यामुळे हे कायम मागे. दर स्पर्धेनंतर रविवारच्या जेवणाला मी एकच कीर्तन ऐकत आले आहे की रॉइसनं अमुक झुडपात गळ टाकायला हवा होता आणि तमुक खडकाशी थांबायला हवं होतं. रॉइसला मात्र कधी एक अक्षर बोलले नाहीत.

तुझं पत्र यायच्याही आधी, गेल्या महिन्यापासून नवीनच सुरू झालं आहे. दुपारी जेवण झालं की माझ्या आईच्या शिलाई मशीनपुढे उभे राहतात, एक पाय खालच्या पायट्यावर, हातात पडद्याची काठी आणि तोंड भिंतीकडे. पायाने मोटर चालवायचा सराव करतात म्हणे. पायट्याला तेलही घातलंय. माझं पडद्यांचं शिवण बंद आणि खिडक्या उघड्या.

ती तपकिरी काठी त्या भिंतीवरची सगळ्यात चांगली काठी आहे. तिच्याविषयी हे जितकं बोलतात तितकं लग्नात माझ्याविषयी बोलले नव्हते.

माणूस वाईट नाही, तुला ठाऊक आहे. रॉइस गेल्यापासून धड झोपलेले नाहीत. पण थापा मारून तुला मागे बसवलं आणि तू बसलीस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. हे पत्र मिळाल्याचं त्यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
नेडीन


पिनी बेंड
२७ मार्च १९९३

प्रिय थर्मन भावजी,

तुमची माया बघून मी गहिवरले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती पांढरी काठी काढली. तिच्या मुठीवर बदकाचं चित्र आहे. बदकाचं चित्र असलेली काठी बायकांसाठी खास असते, हे मला माहीत नव्हतं.

चार दिवस बदकाबरोबर सराव केला, मग म्हटलं ती तपकिरी टाकाऊ काठीही पाठवण्याआधी एकदा हाताळून बघू. पहिल्याच फेकीत तुम्ही म्हणाला होता तसा गुंता झाला. ती काठी तशीच सलूनमध्ये नेली. मिसेस ट्रॉटर ड्रायरखाली होत्या, तेवढ्यात शेपटीच्या कंगव्याने गुंता सोडवून टाकला. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या डोक्यातले गुंतेच सोडवते, आणि हा गुंता निदान आपल्या सुनेविषयी बोलत तरी नाही. आठवडाभरात अंगठ्यालाही समज आली. आता अंगणात कपड्यांची टोपली ठेवून तिच्यात गळ टाकते. एकदा पाद्री साहेब माझं सांत्वन करायला आले होते, त्यांची हॅट गेली. सांत्वन त्या दिवशी थोडक्यात आटोपलं.

दोन शंका आहेत. पहिली अशी की तुम्ही नाजूक पारदर्शक आमिष घ्यायला सांगितलंत. पण रॉइस रात्री जेवताना म्हणायचा, वसंतातल्या पावसाने पाणी गढूळ झालं की माशाला नाकापुढचं दिसत नाही, तेव्हा काळं, जाडजूड आणि पाणी हलवणारं काहीतरी द्यावं लागतं. मी तेव्हा भेंडी तळत असायचे, त्यामुळे नीट लक्ष गेलं नसेल.

दुसरी शंका जरा मोठी आहे. पुढच्या जागेत एवढे हाल असतील तर रॉइसनं बावीस वर्षं तुम्हाला मऊ गादीवर बसवून ते सगळे एकट्याने कसे सोसले? माझा नवरा एवढा त्यागी होता, हे मला आजवर कळलं नव्हतं. घरी तर ताटातलं शेवटचं बिस्किट कधी कुणाला सोडलं नाही.

उत्तराची वाट बघते. काठी पाठवायला जरा वेळ लागेल.

ओलेटा


डेलरॉय
८ एप्रिल १९९३

ओलेटा वहिनी,

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. आता जे आहे ते लिहितो.

रॉइस त्यागी नव्हता. मावसभाऊ होता, जिवाभावाचा होता, माझ्या लग्नात त्यानेच मला धरून उभं केलं होतं. पण बोटीत तो पुढे असायचा आणि जिथे मासा असेल तिथे पहिला गळ त्याचा. मी मागे, त्याने ढवळलेल्या पाण्यात. बावीस वर्षांत एकदाही "ये, आज तू उभा राहा" असं म्हणाला नाही. मी मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. तो गेला तेव्हा मी फार रडलो, आणि कबरीवरून घरी येताना गाडीत मनात आलं की आता पुढची जागा रिकामी झाली. असं मनात आलं याची लाज वाटते, पण आलं.

बोट तुमची आहे, तेव्हा जागा तुमची. नियम म्हणजे नियम. मी फक्त विनंती करतोय. ही एक स्पर्धा मला पुढे उभं राहू द्या. मग जन्मभर मागे बसेन. विचार करा.

आणि हो, ते पारदर्शक आमिष. मी घाईत लिहिलं होतं. पाऊस झालाच तर ते पाण्यातसुद्धा दाखवू नका, वेंडेल हसून हसून बोटीतून पडेल. काळा-निळा जड गळ घ्या, झुरळासारखा. तपकिरी काठी, वर बसणारं रीळ, जाड तंगूस. पाण्यात बुडालेल्या विलोच्या झुडपांत अगदी आत टाका. तिथे मासा लागला की फांद्यांना वेढे घालायला बघतो, म्हणून काठी ताठ आणि तंगूस जाड हवा, पहिल्या झटक्यातच बाहेर ओढायचा. आणि हिसका बसेल म्हणून वाट बघू नका. या गळावर हिसका बसत नाही, ओल्या फडक्यासारखं नुसतं वजन येतं. वजन आलं की काठीला वर जोराचा झटका मारा.

हे मी तुमच्यासाठी लिहीत नाही. चुकीचं आमिष पाण्यात पडलेलं मला बघवत नाही, म्हणून लिहितोय.

थर्मन


पिनी बेंड
२६ एप्रिल १९९३

प्रिय नेडीन,

शनिवारचं तुझ्या नवऱ्याने घरी येऊन काही सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

त्यांच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. सकाळी धक्क्यावर भेटलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर नवी कोरी टोपी होती. मी सरळ जाऊन पुढे उभी राहिले. ते मागच्या गादीवर जाऊन बसले.

आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता आणि पाणी कोकोसारखं दिसत होतं. पेडलची मला भीती नव्हती. सलून बंद असायचं तेव्हा दर सोमवारी गुपचूप तळ्यावर जाऊन मी सराव केला होता, आणि सलूनच्या खुर्च्या पायाने वरखाली करण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय. विलोच्या झुडपांशी गेले आणि भावजींनी लिहिलं होतं तसाच काळा गळ आत टाकला. नेडीन, खरंच ओल्या फडक्याचं वजन आलं. मी झटका मारला. मासा असा काही उसळला की भावजी रुसवा विसरून जाळं घेऊन धावले आणि "काठी वर! काठी वर!" म्हणून माझ्यावर इतके ओरडले की अख्ख्या तळ्याला ऐकू गेलं. दुपारपर्यंत बोटीतल्या पाण्याच्या टाकीत चार मासे झाले, चारही माझे. त्यांच्या गळाला काही लागलं नाही.

मग मी काहीतरी सांगायला मागे वळले. ते गादीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी, गळ पाण्यात नाहीच. माझ्या पायाकडे, म्हणजे मी उभी होते त्या जागेकडे बघत होते. मला एकदम भरून आलं. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. मी त्या जागेवर रॉइस भेटेल म्हणून आले होते. आणि सकाळपासून मी फक्त मासा, झुडूप, तंगूस, पुन्हा मासा एवढाच विचार केला होता. तो गेल्यापासून इतका वेळ मला त्याची आठवण आली नाही असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा मला कळलं की तो शनिवारी इथे का यायचा. इथे उभं राहिलं की कुणाचीच आठवण येत नाही, बायकोचीसुद्धा. रागवायला हवं होतं, पण हलकंच वाटलं.

मी म्हटलं, "भावजी, उठा. या पुढे."

त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मग टोपी सारखी केली आणि आले. पुढचं तुझ्या आईच्या शिलाई मशीनमुळे झालं. मशीनचा पायटा एकसारखा वरखाली हलवायचा असतो. बोटीच्या पेडलचं असं आहे की चवडा दाबला की बोट उजवीकडे वळते आणि टाच दाबली की डावीकडे. भावजींनी अंगातल्या सवयीने शिवायला घेतलं. बोट उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे अशी डुलायला लागली आणि मग गोल गोल फिरायला लागली. मी सांगत होते की पाय काढा, पण ते ऐकत नव्हते, किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी तीन वेळा गळ टाकला. पहिले दोन झाडांवर अडकले. तिसरा शेजारून जाणाऱ्या वेंडेलच्या शर्टाच्या पाठीत बसला, आणि आम्ही तसेच फिरत असल्याने वेंडेलही थोडा फिरला. त्याचा आमिषांचा डबा पाण्यात पडला. मग आमचा दोघांचाही तंगूस छोट्या मोटरच्या पंख्याभोवती गुंडाळला गेला. तिथे कंगव्याचंही काही चाललं नाही. पालथं पडून चाकूने कापत बसलो आणि वजनाच्या काट्याला पोचलो तोवर वेळ संपली होती. आमचे मासे मोजणीत धरलेच नाहीत. चारही जिवंत होते, ते पाण्यात सोडून दिले.

धक्क्यावर सगळे हसले. वेंडेल शर्ट हातात धरून म्हणाला, आता तरी विका. मी म्हटलं, बोट विकायची नाही. भावजींनी मला घरी सोडलं आणि निघताना माझ्याशी हात मिळवला, जसे काही आम्ही बँकेत भेटलो होतो.

त्यांना एवढं सांग की पुढची जागा यापुढे त्यांची. मला हवं होतं ते मला मिळालं. पेडल शिकता येतं, मी शिकवीन. आणि ते मशीन भंगारात घाल.

तुझी,
ओलेटा


डेलरॉय
२ मे १९९३

प्रिय ओलेटा वहिनी,

तुमचं पत्र नेडीनने मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. माझ्या कानांसाठी मोठ्याने वाचलं, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं. वाचण्याच्या भरात शिलाई मशीनपर्यंत पोचली आणि मग थांबली, पण तोवर घरातला फितूर कोण हे मला कळलं होतं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने कॅटफिश तळला आणि मी हरलो. मशीन भंगारात जाणार नाही, पडदे पूर्ण झाले आहेत.

पुढच्या जागेविषयी मात्र माझं उत्तर नाही असं आहे. रागाने म्हणत नाही, आणि फजितीमुळेही नाही. पेडल मी शिकेन, ते काही मोठं नाही. मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला.

तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं मासे पकडणाऱ्याचे दोन गळ झाडावर का जातात? मीही घरी येईपर्यंत हाच विचार करत होतो. वहिनी, मी मागे बसून जेवढे गळ टाकले ते सगळे रॉइसला चुकवून टाकले. त्याच्या उजव्या कोपराखालून, खालच्या खाली, आडवा हात. त्याने गळ मागे घेतला की मी डोकं वाकवायचं, तो डावीकडे झुकला की मी उजवीकडून टाकायचं. त्या दिवशी पुढे उभा राहिलो तर समोर कुणीच नाही, अख्खं तळं मोकळं. आणि माझा हात तसाच आडवा गेला, नसलेल्या माणसाला चुकवत. मला वाटायचं मला तळ्यावर गळ टाकता येतो. मला फक्त रॉइसच्या मागून टाकता येतो. मोकळं पाणी बघून मला इतकं एकटं वाटलं की पाय थांबवायचंही सुचलं नाही.

आणखी एक सांगतो, ते नेडीनलाही माहीत नाही. रॉइसची एक खोड होती. तळ्याच्या काठची एखादी खाडी पूर्ण धुऊन काढली, असतील नसतील ते सगळे मासे आपल्या टाकीत टाकले, की तो मागे वळून मला विचारायचा, "काही मिळालं का रे?" मागे काही उरलेलं नाही हे त्याला चांगलं माहीत असायचं. मी "नाही" म्हणायचो आणि मनातल्या मनात पुष्कळ काही म्हणायचो. त्या प्रश्नाचा मला जितका राग यायचा तितका माझ्या मुकादमाचाही आला नाही. स्पर्धेच्या सकाळी तुम्ही एकामागून एक मासे काढत होता आणि मी गळ बाजूला ठेवून बसलो होतो ना, तेव्हा मी तुमच्या जागेवर डोळा ठेवून बसलो नव्हतो. कुणीतरी वळून विचारेल म्हणून वाट बघत होतो.

तेव्हा पुढे तुम्हीच उभ्या राहा. तपकिरी काठी तुम्हीच ठेवा, तुमचा अंगठा चांगला आहे. पुढची स्पर्धा ऑक्टोबरमध्ये आहे, मी नाव देतो. माझं मागणं एवढंच, की खाडी संपली की जरा मागे वळा आणि विचारा, "काही मिळालं का, भावजी?"

मी नाही म्हणेन. तुम्ही पुढच्या खाडीकडे चला.

तुमचा,
थर्मन